दिग्गीचा सायलेन्सर

राग माझ्या नाकावर असतो, हे रामनगरात कुणालाही विचारा. आमच्या दुकानात स्पेअर पार्ट घ्यायला आलेला ट्रकवाला आधी आमच्या ह्यांना विचारतो, "वहिनी आज कशा हायत?" आणि मगच पायरी चढतो. त्याचं मला काही वाटत नाही. पण रागाच्या भरात मी एकदा असं काही करून बसले, की ते निस्तरायला पस्तीस वर्षांनी एक मोडकी मोटरसायकल पुन्हा उभी करावी लागली.

मोटरसायकल माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक. कंपनीतून आली तेव्हा चारचौघांसारखी साधी गाडी होती. अण्णाने तिची मोटोक्रॉसची गाडी केली, म्हणजे चिखलातून, उंचवट्यांवरून उड्या मारत शर्यतीत पळवायची. त्यासाठी लागणारे पार्ट तेव्हा कंपनी देत नसे, ज्याचे त्याने जमवायचे. बेळगावच्या एका फौंड्रीतून त्याने इंजिन थंड ठेवणारं, मोठ्या पात्यांचं हेड ओतून आणलं. रुंद हँडल एका जुन्या खेळाडूकडून मिळवलं. आणि कोल्हापूरच्या एका कारागिराने पत्रा वळवून त्याला सायलेन्सर बनवून दिला, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे गाभण शेळीसारखा फुगलेला. त्या सायलेन्सरने गाडीचा आवाजच बदलला. मी तेव्हा अठरा वर्षांची. हातात पाना द्यायचं काम माझं, आणि कुठला बोल्ट किती नंबरचा हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

मग बेळगावच्या शर्यतीत अण्णा पडला. मांडीचं हाड मोडलं आणि तीन महिने खाटेवर गेले. आई आधीच वारली होती, त्यामुळे त्याचं सगळं मीच करत होते. सगळं म्हणजे सगळं. आणि हा बाबा पडल्या पडल्या आढ्याकडे बघत म्हणायचा, "पुढच्या शर्यतीला मागचा टायर बदलूया गं." एका दुपारी आप्पा, म्हणजे आमचे वडील, शेतावर गेले होते आणि माझं डोकं फिरलं. तेच पाने घेऊन मी गोठ्यात गेले आणि गाडीचा एकेक पार्ट उतरवला. दोन दिवसांत सगळं वाटूनही टाकलं. हेड वखारीतल्या रखवालदाराला, हँडल दूधवाल्याला. सायलेन्सर जंगलातल्या दिग्गी गावाहून बाजाराला आलेल्या एका कुणबी शेतकऱ्याला दिला, कारण भातात शिरणारी रानडुकरं हाकलायला त्याला बडवण्यासारखं काहीतरी हवं होतं.

अण्णा कुबड्या घेऊन पहिल्यांदा गोठ्यात गेला तेव्हा तिथे नुसता सांगाडा आणि त्यातलं बोडकं इंजिन उभं होतं. "कुणी केलं हे?" म्हणून तो इतक्या मोठ्याने ओरडला, की म्हशीने दावं ताणलं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मी."

त्यानंतर अण्णा आप्पांशी अकरा वर्षं बोलला नाही. एका घरात, एका छपराखाली. आप्पा गेले तेव्हा तो अबोला संपला. आणि मी गप्प राहिले, आधी भीतीने, मग सवयीने. रागीट माणसं आतून किती भित्री असतात ते मला स्वतःवरूनच कळलं.

गेल्या वर्षी आप्पांच्या श्राद्धाला पान ठेवून अण्णा उठला आणि सहज म्हणाला, "तेवढं गाडीचं एक सोडलं तर म्हातारा सोन्यासारखा होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाच्या नावावर मी माझं पाप ठेवलं होतं, आणि ते दर वर्षी त्याच्या पानात वाढलं जात होतं. घरी येताना मी ठरवलं, अण्णाला सांगायचं. पण रिकाम्या हाताने नाही. जे मी मोडलं ते आधी जोडायचं, अगदी त्याच पार्टांनी, आणि मग तोंड उघडायचं.

आमचे हे म्हणाले, "सरळ जाऊन सांग की. दोन मिन्टांचं काम."

"दोन मिनिटांचं असतं तर पस्तीस वर्षं लागली असती का?" मी म्हटलं. ह्यांनी पुढे वाद घातला नाही. ट्रकचं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला कुठला नट ओढायचा आणि कुठला नाही हे कळतं.

सांगाडा मागायला माहेरी गेले तर अण्णा म्हणाला, "ने. डोळ्यांसमोरून गेली तर बरंच हाय." इंजिन आतून गंजलं होतं, पण मेलं नव्हतं. पिस्टन सुटायला डिझेल ओतून पंधरा दिवस वाट बघितली. वखारीतल्या रखवालदाराच्या घरी हेड सापडलं, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेलं. दूधवाल्याच्या गोठ्यात हँडल भिंतीत ठोकून त्यावर दावी टांगली होती. दोन्ही घरच्यांनी हसत हसत काढून दिलं. बेळगावहून जुन्या गाड्या दुरुस्त करणारा एक जण क्रँक बसवायला आला होता. तो म्हणाला, "ताई, सायलेन्सर कशाला हुडकताय? नवा घरपोच येतो. हुबेहूब कंपनीचा."

"कंपनीचा कुणाला हवाय?" मी म्हटलं. "ही गाडी कंपनीची राहिली होती कुठे?"

तो मान डोलावून पुन्हा क्रँककडे वळला.

दिग्गीला जीप घेऊन गेले. जोयडा ओलांडून पुढे रस्ता असा, की वाटेत पोटातलं पाणीसुद्धा जागेवर राहत नाही. तो कुणबी आता पंचाहत्तरीचा असेल, पण त्याने मला ओळखलं. भाताच्या खाचरांच्या कडेला, राखणीच्या माळ्याखाली, फणसाच्या फांदीला माझा सायलेन्सर तारेने लोंबकळत होता. अंगभर पोचे पडलेले. बाजूला बडवायचं लाकूड. त्याने हौसेने एक टोला हाणून दाखवला, आणि तो भसाडा, पोकळ आवाज रानात दूरवर गेला.

मी म्हटलं, "हा मला परत हवाय."

तो अर्ध्या कोंकणीत, अर्ध्या मराठीत म्हणाला, "न्हाई बाय. ह्याचा आवाज डुकरांक ठाऊक आसा. ह्यो गेला तर माझं भात गेलं."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण बोलले असते तर हात दाखवून अवलक्षण झालं असतं. आणि त्याचं खरंच होतं. मी रागात दिलेल्या वस्तूवर त्या माणसाने पस्तीस पिकं राखली होती. मी गुमान परत आले, आणि दुसऱ्या आठवड्यात लोखंडाची जाड पाटी घेऊन गेले. त्याने एकदा बडवली आणि मान हलवली, "ही रडता." तिसऱ्या खेपेला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम नेला. आमच्या गॅरेजमागे त्यांचा ढीग पडलाय. तो फांदीला टांगून घेतला, मला बडवायला लावलं आणि म्हातारा खाचरांच्या पार पल्याड टोकाला जाऊन कान देऊन उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "माका बरा दिसता. पण माझं मत कशाक? डुकरांक इचारूया."

म्हणजे काय, तर आठ दिवस फक्त ड्रम बडवायचा आणि भातात डुकरांचे पाय उमटतात का बघायचं. ते आठ दिवस मी दुकानात कुणाशी धड बोलले नाही. डुकरांच्या निकालावर माझं प्रायश्चित्त अडकलंय, हे गिऱ्हाइकाला सांगणार तरी कसं?

आठव्या दिवशी गेले तर सायलेन्सर उतरवून, पुसून, ओट्यावर ठेवलेला. त्याच्यापुढे म्हाताऱ्याने नारळ फोडला, कारण त्या पत्र्याने पीक राखलं होतं. एक कवड मला दिली, वर रानातला एक भला मोठा कंद जीपमध्ये टाकला. मी त्याच्या पाया पडले. तो गोंधळला. त्याला काय माहीत मी कशासाठी वाकले ते.

सायलेन्सरचे पोचे काढणं हे पुढचं दिव्य. आत कुंभारमाशीची घरटी होती, ती खरवडून, जाळून काढली. मग दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद केली, एका बुचातून काँप्रेसरची हवा सोडली आणि बाहेरून गॅसने पोचा तापवत गेले. पत्रा लाल झाला की आतल्या हवेने पोचा आपसूक वर येतो. पहिल्या खेपेला बूच सुटून भिंतीवर आपटलं आणि ह्यांच्या हातातला चहाचा ग्लास खाली. "गाडी उभी ऱ्हाईपर्यंत मी उभा ऱ्हातोय का बघ," म्हणाले. दुसऱ्या खेपेला बुचाला लोखंडी पट्टी आवळली. एकेक पोचा तासा-तासाने वर आला. सगळे निघाले नाहीत. ज्या बाजूला रोज लाकूड पडायचं तिथला पत्रा पार बसला होता. तो मी तसाच ठेवला. नवी कोरी गाडी द्यायची नव्हतीच मला.

गाडी सुरू झाली त्या सकाळी अण्णाला गॅरेजमध्ये बोलावलं. तो लंगडत आला, दारात थबकला. मग गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. हेडच्या पात्यांवरून बोट फिरवलं, हँडल धरून बघितलं, आणि सायलेन्सरपाशी खाली बसला.

"हा कुठं गावला?"

"दिग्गीला. डुकरं हाकलायला टांगला होता."

त्याने जरा विचार केला. "आप्पा दिग्गीला कधी गेलते?"

"आप्पा नव्हते गेले, अण्णा. मी दिला. सगळं मीच काढलं, मीच वाटलं. आप्पांनी एका बोल्टालाही हात लावला नव्हता."

पस्तीस वर्षं ज्या वाक्याला मी घाबरले ते इतकं छोटं होतं. अण्णा खालीच बसून राहिला. तिथूनच म्हणाला, "मग त्यांनी 'मी' का म्हटलं?"

तेही मला ठाऊक होतं. त्या दिवशीच मी रडत आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "मी काय, आज हाय, उद्या न्हाई. माझ्यावर राग धरला तर माझ्याबरोबर जाईल. तुझ्यावर धरला तर माझ्यामागं तुला माहेर कुठलं, पोरी?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. अण्णाचा चेहरा मला बघवला नाही. साठी ओलांडलेला माणूस सायलेन्सरला हात लावून पोरासारखा रडत होता, आणि मी त्याला धरायला पुढे झाले तर त्याने माझा हात झटकला. बरोबरच केलं. मग उठला, दुखऱ्या पायाने किक मारली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. तो एकटाच गाडी घेऊन घरी गेला. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

रविवारी वहिनीचा फोन आला, "वन्सं, जेवायला या. ह्यांनीच सांगितलंय." मी गेले. आप्पांच्या फोटोला ताजा हार होता, आणि गाडी गोठ्यात नाही, घराच्या पुढच्या सोप्यात उभी होती. अण्णा माझ्या शेजारच्या पाटावर बसला, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आमटी संपत आली तेव्हा ताटातून नजर न काढता वहिनीला म्हणाला, "तिला म्हणावं, भात घे."

मी भात घेतला. आता दर रविवारी जाऊन त्याच्या शेजारी जेवते. तो अजून बोलत नाही. अकरा वर्षं लागली तरी मी जाणार आहे.