प्रस्थान ठेवलेलं विमान

विमान हवेत असताना किस्से घडत नाहीत. तेव्हा सगळं लक्ष समोरच्या काट्यांवर असतं. किस्से साठतात ते विमान जमिनीवर उभं असताना, आणि आमचं विमान जमिनीवर भरपूर उभं राहिलं! म्हणून तर अजूनही चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "कॅप्टन, ते बेलापूरचं काढा."

मी कॅप्टन वगैरे कधीच नव्हतो. फ्लाइंग क्लबात पोरांना विमान शिकवायचो. ती नोकरी सुटली तेव्हा नगरला सावेडीत बिऱ्हाड होतं आणि कामाच्या शोधात होतो. अशात नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या आबासाहेबांचा निरोप आला. आबासाहेब मोठे बागाईतदार. ऊस, मोसंबी, दारात जीप. राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले त्या सुमारास एका संस्थानिकानं आपलं चार सीटचं छोटं विमान विकायला काढलं, ते यांनी घेऊन टाकलं आणि मळ्यात रनवेही करून घेतला.

"ट्रॅक्टर घेतला तवा बी लोक हसले हुते," ते मला म्हणाले. "तुमी फकस्त चालवा. बाकी मी बघतो."

हे 'बाकी मी बघतो' पुढे मला फार महागात पडलं.

* * *

विमान कशासाठी, ते आधी सांगतो. आबासाहेबांची एकुलती एक मुलगी शैला. जावई इंजिनिअर, नोकरी राउरकेल्याला. शैलाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ मनाई केलेली. मग शैलाची आई, म्हणजे आमच्या अक्का म्हणाल्या, "ती येत न्हाई तर मी जाते. पयल्या येळंला आई जवळ पायजे."

अक्का फार बोलायच्या नाहीत. पण हे वाक्य त्या रोज बोलायच्या आणि बोलताना माझ्याकडे बघायच्या.

आबासाहेबांचं उत्तर ठरलेलं. "घरचं इमान असताना रेल्वेत धक्के खायचे व्हय? सकाळी हितं न्याहारी, सांजच्याला लेकीच्या दारात!"

कागदावर ते अगदी खरं होतं. मध्ये नागपूरला आणि रायपूरला तेल भरायचं की झालं. मीसुद्धा मान डोलावली. तेव्हा मी यांना पुरता ओळखत नव्हतो.

* * *

पहिल्याच दिवशी मी ओसरीवर नकाशा पसरला आणि पट्टी ठेवून बेलापूर ते नागपूर सरळ रेघ ओढली.

आबासाहेब चष्मा लावून वाकले. "ही रेघ आमच्या मेव्हण्याच्या गावावरनं जात न्हाई."

"नाही जात. ते गाव बाजूला राहतं."

"मग उपयोग काय? त्याला दिसाय नगं?"

रेघ वाकवली. मग त्यांना मार्केट कमिटीतला विरोधक आठवला. त्याच्या वाड्यावरून अगदी खालून जायचं, पत्रे वाजले पाहिजेत! पुन्हा रेघ वाकवली. मग आमचे जोशीकाका आले. पंचांग बघणारे, आबासाहेबांचे बालमित्र आणि विमानातले तिसरे प्रवासी. त्यांचं म्हणणं, वाटेत घृष्णेश्वर येतो, तर त्याला वरच्या वर प्रदक्षिणा घालून पुढं जावं.

"काका, हे विमान आहे. पेट्रोल लागतं त्याला."

"एकच घाला. जास्त कोण म्हणतंय?"

संध्याकाळपर्यंत माझी सरळ रेघ सांडलेल्या शेवयांसारखी झाली होती. सगळ्यात शेवटी अक्का चहा घेऊन आल्या. नकाशाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि एवढंच विचारलं, "ह्यात मनमाड कुठं हाय?"

मी मनमाड जंक्शनावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

* * *

छोट्या विमानात वजन फार जपावं लागतं. प्रत्येकाचं वजन सांगा म्हटलं, तर कुणालाच ठाऊक नाही. "बेताचंच आहे," असं जोशीकाका म्हणाले. त्यांच्याकडे बघून ते खरं वाटत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा तोलायचा मोठा तराजू आहे ना, तिथे बसा. आबासाहेब एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात मापं टाकली, ती कमी पडली. म्हणून गड्यांनी वर गुळाच्या ढेपा रचल्या. मी मनात म्हटलं, हरकत नाही, ढेपा मागाहून तोलू.

पण एका पारड्यात मालक आणि दुसऱ्यात गूळ हे बघून गुऱ्हाळावरच्या माणसांनी काय समजायचं? मालकांची गूळतुला! कुणीतरी पळत गावात गेलं. बायका ओवाळायला ताट घेऊन आल्या. सरपंच हार घेऊन आले. शाळेतल्या मास्तरांनी उभ्या उभ्या भाषण केलं, "आबासाहेबांना दीर्घायुष्य लाभो!" आणि तुला म्हटली की गूळ वाटायचा असतो. आबासाहेब तर हार गळ्यात पडल्यापासून वजनाचं पार विसरले होते.

"वाटा!" ते पारड्यातूनच गरजले.

"अहो, थांबा, ढेपा तोलायच्या राहिल्यात!" मी ओरडत होतो. ऐकतो कोण! घटकाभरात गूळ संपला. गाव तोंड गोड करून घरी गेलं आणि वजनाच्या रकान्यात मी अंदाजानं एक आकडा लिहिला.

अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला तोलता? मी उभ्यानं बी येईन."

* * *

सामानाचं तर विचारूच नका. डिंकाच्या लाडवांचे डबे, बाळंतविडा, शेक-शेगडीसाठी गोवऱ्या (राउरकेल्यात गोवऱ्या मिळत नाहीत हे यांना कुणी सांगितलं देव जाणे!), तांब्याचं घंगाळ आणि शैला ज्यात झोपली तो लाकडी पाळणा. पितळी कड्यांसकट!

मी पाळणा बाहेर काढायचो, जेवून येईपर्यंत तो पुन्हा मागच्या सीटवर. कोण ठेवतं ते सगळ्यांना माहीत, बोलायची प्राज्ञा नाही.

शेवटी आबासाहेबांपुढे तक्रार नेली. "पाळणा न्यायचा तर पेट्रोल कमी घ्यावं लागेल."

"मग घ्या की कमी!"

"आणि वाटेत संपलं तर?"

"संपलं तर भरू. नागपुरापतूर एक बी पंप न्हाई व्हय?"

मी डोकं धरून पायरीवर बसलो. अक्का बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "कॅप्टन, घंगाळ राहू द्या, गोवऱ्या राहू द्या. पाळणा तेवढा न्या," त्या म्हणाल्या. आवाज असा काही लागला होता की मी उठून स्वतःच तो पाळणा दोरीनं बांधला.

* * *

हवामानाचीही एक गंमत झाली. निघायचं तर पुढची हवा कशी आहे ते कळायला हवं. म्हणून नागपूरला ट्रंक कॉल बुक केला. सकाळी बुक केलेला कॉल संध्याकाळी लागला. पलीकडचा गृहस्थ भला होता. म्हणाला, "आज दिवसभर हवा उत्तम होती. आता अंधार पडतोय."

मी फोन ठेवला आणि चरफडत ओसरीवर आलो. आबासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला.

"म्हंजी आज गेलो असतो तर झ्याक पोचलो असतो!"

आणि त्या आनंदात त्या रात्री सगळ्यांना आमरस झाला. त्या मोसमातले पहिले आंबे, शैलासाठी पाठवायचे म्हणून बाजूला काढलेले! अक्कांनी वाट्या भरल्या, पण स्वतः पानावर बसल्या नाहीत.

* * *

आता मुहूर्त. जोशीकाकांनी पंचांग उघडलं. राउरकेला पूर्वेला. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूल, जायचं नाही. उरलेल्या दिवसांपैकी कधी तिथी बरी नाही, कधी नक्षत्र बरं नाही. शेवटी एक गुरुवार मिळाला. सूर्योदयानंतर लगेच निघायचं.

गुरुवारी सगळं गाव हजर. विमानाच्या पंख्याला हार, चाकांखाली लिंबं. मी इंजिन चालू केलं आणि ते फटफटलं, खोकलं, थांबलं. उघडून बघतो तर एक भाग जळालेला. तो मुंबईहून यायला हवा.

मुहूर्त टळायची वेळ झाली. आबासाहेबांचा चेहरा पडला. तेव्हा जोशीकाका म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. प्रस्थान ठेवा."

ही जुनी सोय. मुहूर्तावर निघणं जमलं नाही, तर सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगावरचं एखादं वस्त्र गाठोड्यात बांधून जायच्या दिशेला, गावाबाहेर कुणाकडे तरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग सवडीनं निघा.

मी म्हटलं, छान. काकांचं उपरणं बांधा आणि मला काम करू द्या.

आबासाहेब विमानाकडे बघत होते. "चिरगुट कशाला?" ते म्हणाले. "इमानच ठेवू!"

मी हसलो. मला वाटलं, थट्टा आहे. तोवर बैलजोड्या आल्याही होत्या! पुढच्या चाकाला नाडा बांधला आणि हलगीच्या तालावर विमान रनवेवरून उतरलं, ओढा ओलांडला, शिवेपलीकडच्या नामदेवरावांच्या रानात जाऊन थांबलं. मी पंखाला हात धरून बाजूनं धावत होतो आणि "हळू, हळू!" एवढंच ओरडत होतो. नामदेवरावांनी विमानाला कुंकू लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

* * *

पुढच्या आठवड्यात मुंबईहून तो भाग आला, मी तो बसवला, इंजिन सुरेख चाललं. म्हटलं, "आता विमान रनवेवर आणा, उद्या पहाटे निघू."

जोशीकाका खाकरले. "प्रस्थान ठेवलेलं माघारी आणत नाहीत."

"काका, इथून कसं उडणार? एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला बाभळी!"

"बाभळी तोडू," आबासाहेब म्हणाले.

"माज्या हायेत," नामदेवराव म्हणाले.

"आनी हीर?"

"ती बी माजीच हाय. पन माजा शेजारचा गहू निघू द्या, मग जागाच जागा. घाई काय हाय?"

घाई काय आहे! मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणसं विमानाच्या सावलीत बसून गहू कधी निघेल यावर चर्चा करत होती, तंबाखूची चंची फिरत होती आणि तिकडे शैलाचे दिवस भरत होते.

अक्का जेवणाचा डबा घेऊन बांधावर आल्या होत्या. मला बाजूला घेतलं. "खरं सांगा, कॅप्टन. येळंत पोचवाल का मला?"

इतके दिवस मी आबासाहेबांच्या मर्जीनं बोलत होतो. त्या वेळी मला ते जमलं नाही. "नाही, अक्का," मी म्हटलं. "आता वेळेत नाही पोचत."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि विमानाजवळ जाऊन पाळण्याची दोरी सोडू लागल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप स्टेशनला निघाली. आत अक्का, बरोबर त्यांचा भाचा, लाडवांचे डबे आणि पाळणा. कुणी काही तोललं नाही.

जोशीकाका जीपला आडवे आले. "वहिनी, आज शनिवार! पूर्वेला दिशाशूल आहे!"

"मी कुठं पूर्वेला चाललेय?" अक्का म्हणाल्या. "मी मनमाडला चाललेय. मनमाड उत्तरेला हाय."

काकांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि बाजूला झाले. आबासाहेब मात्र रागावले नाहीत. उलट हसले.

"जा तू रेल्वेनं! तू अर्ध्या वाटंत असशील, तवर आमी डोक्यावरनं जाऊ. वर बघत ऱ्हा!"

"बघते की," अक्का म्हणाल्या. "आदी पोचलात तर पाणी तापत ठेवा."

* * *

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी ओसरीवरचा फोन वाजला. राउरकेल्याहून ट्रंक कॉल! लाइन इतकी खराब की अक्कांचा आवाज इथवर पोचतच नव्हता. मध्ये ऑपरेटर बाई होती, तीच ऐकून आम्हाला सांगत होती. आबासाहेब उभ्यानंच रिसीव्हर कानाला धरून, मी आणि काका दोन्ही बाजूंनी कान लावून.

"मुलगी झाली म्हणतायत," ऑपरेटर म्हणाली. "पहाटे. तुमच्या मिसेस जवळच होत्या. दोघी सुखरूप आहेत. बाळ पाळण्यात झोपलंय."

आबासाहेब मटकन खुर्चीत बसले. फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि लपवायचंही त्यांना सुचलं नाही. माझाही इतक्या दिवसांचा सगळा वैताग त्या क्षणी उतरला.

"हॅलो, हॅलो," ऑपरेटर म्हणाली. "वेळ संपतेय. त्या विचारतायत, रोज वर बघतेय, तुमचं विमान कुठवर आलंय?"

आबासाहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ओढ्यापलीकडे नामदेवरावांचा गहू अजून उभाच होता. विमानाच्या पंखावर कुणीतरी धुतलेली धोतरं वाळत घातली होती.

त्यांनी फेटा नीट केला, घसा साफ केला आणि रुबाबात म्हणाले, "तिला म्हणावं, काळजी करू नगं. प्रस्थान ठेवलंय!"