डोळ्याखालचा भोवरा

कोरेगावच्या पलीकडं, कालव्याच्या कडेला बनुबाईची पागा आहे. पागा म्हणायची आपली! पत्र्याखाली चार-पाच घोड्या, शेजारी लसूणघासाचा तुकडा आणि सकाळपासून चालू असलेलं बनुबाईचं तोंड. लीद काढताना, चंदी भिजवताना, खरारा करताना बाई कुणावर तरी तापलेलीच असायची. हल्ली तो सगळा ताप धाकटा दीर नानासो याच्या वाट्याला आला होता.

राणी घोडी गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. नानासो रोज दारात येऊन तेच टुमणं लावायचा. "वैनी, शिंगराला आयवाणी भोवरा निघाला तर दोन्ही जनावरं बाजारात घालवायची. सांगून ठिवतो."

राणीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे, नेमका आसवं ओघळतात त्या वाटेवर. असल्या घोड्याला जुनी माणसं आसूढाळ म्हणतात. ते ज्याच्या दारात, त्याच्या बायकोच्या नशिबी रडणं, अशी समजूत. म्हणून राणीला कुणी घेईना, तेव्हा बनुबाईचा नवरा हंबीरराव फौजेतून पेन्शनीवर येऊन तिला घरी घेऊन आला. "घोडीचं पाय बघावं, का भोवरं मोजावं?" म्हणाला होता. लय जीव त्याचा राणीवर. गेल्या उन्हाळ्यात तो पागेतच कोसळला आणि गेला. झालं! सगळ्या भावकीनं बोट दाखवलं ते राणीकडं.

बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची ती इथं. हंबीररावाच्या बीपीच्या गोळ्या कोनाड्यात तशाच पडून होत्या. डॉक्टरनं बजावूनसुद्धा तंबाखू सुटली नव्हती. सासरेही असेच बसल्या जागी गेले होते आणि तेव्हा दारात घोडं सोडा, शेळीसुद्धा नव्हती. मग चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? "आवं भावजी, गोळ्या खाऊ नगा म्हणून राणीनं सांगितलं व्हतं व्हय त्यास्नी?" असं तिनं कैकदा विचारलं. नानासो बोळवण केल्यासारखा हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गेलेल्या माणसाला बोल लावायचा नाही, मग मुक्या जनावराला लावा! लाजा कशा वाटत नाहीत म्हणते मी.

राणीच्या सडांना मेण धरलं, म्हणजे एक-दोन दिवसांत विणार, तसा बनुबाईनं पागेतच मुक्काम टाकला. भाकरी तिथंच, चहा तिथंच. उजाडता उजाडता घोडी आडवी झाली. वेणा देताना घोडीला कुणी बघितलेलं खपत नाही, म्हणून बनुबाई तिच्याकडं पाठ करून बसली आणि बिरोबापासून जोतिबापर्यंत सगळ्या देवांना दटावत राहिली. धप्पकन आवाज आला तेव्हाच वळली.

मादी होती. ओली, लांबलचक पायांची, थरथरणारी. बनुबाई पोत्यानं तिला पुसायला बसली आणि पहिलं बोट कुठं गेलं असेल? डाव्या डोळ्याखाली. केस गोल फिरलेले बोटाला लागले. मग स्वतःचाच एवढा संताप आला की तिनं ते बोट पदराला खसाखसा पुसलं. मेल्यांनी आपल्याही डोक्यात भरवलंच की!

शिंगरू धडपडत उभं राहिलं, आचळाला तोंड लावलं, तोवर नानासो पिकअप घेऊन हजर. त्यानं वाकून शिंगराचं तोंड बघितलं आणि मान हलवली.

"बघा, म्हटलं व्हतं का न्हाई? आसूढाळच हाय. चीक पिऊ द्या, मग दोघींस्नी गाडीत चढवू."

बनुबाई हात पुसत उभी राहिली. आवाज अजिबात चढला नाही.

"भावजी, आसूढाळ कुणाला नडतं?"

"मालकाच्या बायकोला. ती रडती जन्मभर."

"आता ह्या पागंचा मालक कोण?"

नानासो गडबडला. "आता... तुमीच की, वैनी."

"मग माझी बायकू शोधून आणा. तिला इचारते, रडतीस का म्हणून."

राणी शिंगराला चाटत होती.

"आन् न्हाई घावली," बनुबाई म्हणाली, "तर गाडी मोकळी आणू नगा. घोडी बाळत झालीया. घास भरून आणा."

दुपारी पिकअप परत आली. मागं घास काठोकाठ भरला होता.