पोट वगळून

अर्जावरच्या रिकाम्या चौकटीवर ती बोट ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. "हितं काय लिवायचं, ताई? मोकळं ठिवायचं न्हाय."

अर्ज भरताना माणसं कशी वागतात ते तुम्हीही पाहिलं असेल. सही कुठे करायची एवढंच विचारतात, बाकीचं समोरच्यावर सोडतात. नव्वदच्या दशकात बारामतीत मी आरोग्य विम्याची एजंट होते. हा विमा म्हणजे काय ते समजावण्यातच निम्मा दिवस जायचा. "मेल्यावर किती मिळत्यात?" हा पहिला प्रश्न. जगल्यावरच मिळतात म्हटलं की गिऱ्हाईक उठायचं.

ती मात्र आपणहून आली. कऱ्हाटी गावची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, आता थोडी शेती. वय सव्वीस. बी.एस्सी.नंतर चार वर्षं घरी काढून, भांडून एम.एस्सी.ला आलेली. विषय वनस्पतिशास्त्र. पूर्ण वेळ कॉलेज, राहायला वसतिगृह, जेवण शिष्यवृत्तीवर.

"धडधाकट तर आहेस. तुला कशाला विमा?" मी विचारलं. एजंटने असं विचारायचं नसतं, पण विचारलं.

"दादानं एका अटीवर सोडलंय. दोन वर्षं घरातनं काय मागायचं न्हाय. मागितलं की त्याच दिवशी घरी, आन् ते बघतील तितं लग्न. खाण्याराहण्याचं भागतंय. पर दवाखान्यात पडले तर मागावंच लागंल की."

इतकं स्वच्छ कारण मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

माझ्याकडे येण्याआधी तिने सगळी दारं वाजवली होती. दादा, म्हणजे थोरला भाऊ, कारखान्यात होता. तिथल्या योजनेत बायको, मुलं, आईवडील बसत. बहीण बसत नसे. कॉलेजच्या पावतीवर 'वैद्यकीय' असा एक आकार होता. त्यात वर्षातून एकदा वजन आणि उंची मोजत. "उंची वाढत न्हाय म्हणून सांगितलं, तरी दरसाल मोजत्यात," ती म्हणाली.

मी तिला आमच्या ऑफिसात नेलं. साहेबांनी अर्ज लांब धरून वाचला. "व्यवसाय, विद्यार्थिनी. उत्पन्न, नाही. अहो, उत्पन्नच नाही तिला विमा कशाला?"

"उत्पन्न न्हाय म्हणूनच पायजे, सायेब. असतं तर डॉक्टरलाच दिलं असतं."

साहेब सगळ्यात लहान पॉलिसीला तयार झाले. हप्ता तिने स्वतः जमवला. कॉलेजातल्या पोरांना झाडापाल्याचे नमुने ओळखून द्यायची, त्याचे पैसे घ्यायची. शास्त्रीय नाव मागाहून. आधी "ह्यानं मेंढरू फुगतं", "ह्याला शेळीबी तोंड लावत न्हाय".

मग ती चौकट आली. पूर्वी काही आजार झाला आहे का? बोट तिथे थांबलं.

"नाही, असं लिहिते," मी म्हणाले. सगळ्यांच्या अर्जात मी तेच लिहीत असे.

"पर हाय ना. ल्हानपणी पोट फुगायचं माझं. आजीनं डाग दिले." ओढणीवरून तिने चार ठिकाणी बोट टेकवलं. तापलेल्या सुईने तान्ह्या पोराच्या पोटावर डाग द्यायचे, हा त्यांच्याकडचा जुना उपाय. "मेंढरालाबी देत्यात, आमालाबी दिले. मेंढरं जगली, मीबी जगले."

"अगं, तो काही आजार नव्हे."

"मग डाग कशाचे, आसं कुणी इचारलं तर? लिवा ताई. खोटं लिवून पॉलिसी काढायची आन् आजारी पडल्यावर भ्यायचं, ते नको."

मी लिहिलं. तीन आठवड्यांनी पॉलिसी आली. वर इंग्रजीत शिक्का होता. अर्थ एवढाच, की पोटाचे सर्व विकार वगळून.

तिने तो दोनदा वाचला. "पोट सोडून माणसात राहतंय काय, ताई?"

मी हसले. हसायला नको होतं. म्हणाले, "हात, पाय, डोकं तर आलं! शिक्का पुढच्या वर्षी काढून घेऊ." माझं कमिशन मात्र पोटासकट मिळालं.

पुढच्या वर्षीही शिक्का तसाच आला. मी एक पत्र लिहिलं आणि विसरले. शेवटच्या परीक्षेला दोन महिने असताना वसतिगृहातल्या मुलींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. अपेंडिक्स. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर माझ्या ओळखीचे. कंपनीचं उत्तर येईपर्यंत बिलाला थांबतो म्हणाले. लहानपणच्या डागांचा याच्याशी काडीचा संबंध नाही, असा दाखलाही त्यांनी दिला.

साहेबांनी दाखला वाचला. "सगळं खरं. पण अपेंडिक्स पोटातच होतं ना?"

त्या दिवशी मी ऑफिसात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी पाणी मागवलं. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात एका कापड दुकानदाराला क्लेमचा चेक आला. त्याच्या रक्तातली जुनी साखर मीच 'नाही' या शब्दाखाली झाकली होती. त्याने पेढे पाठवले. ते मी खाल्ले नाहीत असं लिहिलं तर बरं दिसेल. खाल्ले.

"बिल मी भरते," मी तिला म्हणाले.

"तुमी का? तुमी काय कंपनी हाय?" तिने दादाला निरोप धाडला. त्याने बिल भरलं. माणूस वाईट नव्हता. तिची पिशवी मांडीवर घेऊन दोन दिवस बाकावर बसून होता. पण शब्द म्हणजे शब्द. तोही पाळणार होता, तीही.

घरी जायच्या दिवशी ती माझ्याकडे आली. टाक्यांवर हात धरून, सावकाश चालत. दादा बाहेर उभा. "नवा अर्ज द्या. अपेंडिक्स काढलंय, तेबी लिवते. आता तरी पोट घेतील."

मी कोरा अर्ज पुढे केला. तिने स्वतः भरला. नाव. वय. आजाराच्या चौकटीत डाग आणि अपेंडिक्स, दोन्ही, सुवाच्य. मग बोट व्यवसायाच्या चौकटीवर आलं, मागच्या अर्जात जिथे 'विद्यार्थिनी' होतं. मी तिच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले.

तिने विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "हे राहू दे मोकळं."

पुढे तिला इंदापूरकडे कुठेतरी दिल्याचं कळलं. परीक्षेचं कुणी काही बोललं नाही. बाकीच्यांच्या अर्जात मी 'नाही' लिहीत राहिले आणि त्यांचे चेक येत राहिले. तिचा अर्ज मी पुढे पाठवलाच नाही. तो कपाटात आहे. ती चौकट अजून मोकळीच आहे.