सतरावा वाटा

रोह्याच्या बाजारात कोणीतरी वाटलेला कागद माझ्या धाकट्या बहिणीने मला फोनवर वाचून दाखवला. ती रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहते, मी पेणला, रामवाडीत. कागदावर लिहिलं होतं, सूर्योदयाच्या वेळी गरम हवेच्या फुग्यातून एक तासाची सफर, खाली दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन बंदराचे अवशेष. खाली जागेचा नकाशा होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अगो ताई, हे आपलं गाव हाय."

मी बावन्न वर्षांची आहे. ते गाव उठलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. म्हणजे त्या अवशेषांना एक्केचाळीस वर्षं झाली. आमचं घर माझ्या जन्माच्या आधी दोन वर्षं बांधलं. बाकीची घरं फार तर त्याच्या दुप्पट जुनी असतील. दोन हजार हा आकडा कुठून आणला, हे विचारायला मी कागदावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, रिसर्च झालेला आहे. मी विचारलं, कोणी केला? तिने फोन ठेवला.

रागाने का होईना, मी दोन जागा राखून ठेवल्या. त्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. ते सांगायचं तर आमचा बांध सांगावा लागेल.

आमचं गाव खाडीच्या काठाला, खारजमिनीवर. खाडी आणि भातशेत यांच्या मधे मातीचा बांध, बाहेरच्या अंगाला दगड लावलेले. बांधाच्या एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. गावात एकतीस घरं आणि बांधाचे एकतीस वाटे. प्रत्येक वाटा वीस हातांचा. ज्या घराचा वाटा, त्या घराने तो दरवर्षी पेंढा आणि चिखल घालून लिंपायचा, खेकड्यांनी केलेली भोकं बुजवायची. प्रत्येक वाटा संपेल तिथे एक उभा दगड. देवळाकडून मोजलं तर अठरावा वाटा आमचा.

एका उधाणाच्या दुपारी बांध फुटला. शेतात खारं पाणी शिरलं, ते पुन्हा कधी बाहेर निघालंच नाही. वर्षभरात गाव उठून महामार्गाकडे, गडब गावाच्या बाजूला गेलं. ज्या दिवशी बांध फुटला त्याच दिवशी गावकीतली चार माणसं देवळाकडून बांधावरून चालत गेली, दगड मोजले आणि परत येऊन म्हणाली, सतरा दगड उभे आहेत, अठराव्यात फुटला. अठरावा म्हणजे आमचा. मोजायला दुसऱ्यांदा कोणी गेलं नाही.

त्यानंतर माझ्या आईला नव्या गावात लोकांनी काय ऐकवलं, ते मी मोठी होताना रोज ऐकलं. तांदूळ निवडायला बायका एकत्र बसल्या की कोणीतरी म्हणायचं, शेत होतं तेव्हा निवडायला आपलाच तांदूळ होता, आता दुकानातला. म्हणताना आईकडे बघायचं नाही, पण आवाज तिच्यापर्यंत जाईल एवढा ठेवायचा. भांडण झालं तर सरळच, बांध राखता आला नाय, बोलायला आली. आई कधी उलटून बोलली नाही. ती वारली त्याला नऊ वर्षं झाली. तोवर ती हेच ऐकत होती.

बाबा ऐंशीचे आहेत. त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही. पण मला एवढं आठवत होतं की त्या वर्षी आमचा वाटा बाबांनी लिंपला होता. मी स्वतः पेंढा दिला होता. मला ती फुटलेली जागा बघायची होती. जमिनीवरून तिथे जाता येत नाही, चारी बाजूंनी तिवरं आणि कमरेएवढा चिखल आहे. मोबाईलवरच्या नकाशात नुसता हिरवा डाग दिसतो. वरून बघायची सोय पहिल्यांदाच झाली होती, ती या खोटारड्यांमुळे.

बहीण आदल्या दिवशीच माझ्याकडे आली. रिक्षाने आम्ही अंधारात निघालो आणि पोचलो तेव्हा उजाडत होतं. कोणाच्या तरी पडीक शेतात फुगा आडवा पडला होता, पंख्याने त्यात हवा भरत होते. तो चार जाड दोरांनी जमिनीला बांधलेला होता. मी विचारलं, हे दोर कधी सोडणार? माणूस म्हणाला, सोडत नाय मॅडम, वर जायचं आणि खाली यायचं. मग एक तास? तो म्हणाला, चहा-नाश्ता धरून.

नंतर आमची वजनं घेतली. मी अंगणवाडीत आहे, दर महिन्याला अडतीस मुलांची वजनं घेऊन ती रजिस्टरात लिहिते. माझं वजन चौसष्ट किलो आहे. त्यांच्या काट्याने अठ्ठावन्न दाखवलं. बहीण खूश झाली. मी वाकून बघितलं तर काटा ओल्या ढेकळांवर ठेवलेला, एका बाजूने आत रुतलेला. मी म्हटलं, याच्याखाली फळी घाला. तो माणूस हसायला लागला. "काकू, सगळ्या बायकांचं असंच असतं, पण कमी दाखवलं म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

मी त्याला सांगितलं, माणशी सहा किलोची चूक, सहा माणसं, म्हणजे छत्तीस किलो. बारा वर्षांची एक मुलगी जास्तीची बसल्यासारखं आहे. फळी आणली. पुन्हा सगळ्यांची वजनं झाली. पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं, त्यातला नवरा घड्याळ बघत म्हणाला की सूर्य काही काकूंसाठी थांबणार नाही. बहिणीने मला कोपराने ढोसलं. फळीवर माझं वजन चौसष्ट आलं, तेव्हाच मी टोपलीत चढले.

वर जाताना भीती वाटेल असं मला वाटलं होतं. वाटली नाही. डोक्यावर जाळाचा मोठा आवाज व्हायचा, मग बंद, आणि मग इतकं शांत की खालचं कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं. जमीन आपोआप खाली गेल्यासारखी वाटली. भात कापलेल्या शेतांचे चौकोन, त्यांच्यापुढे तिवरं, त्यांच्यापुढे ओहोटीची खाडी. सूर्य डोंगराच्या वर आला आणि तिवरांमधल्या उघड्या जागेवर घरांची जोती दिसली. सगळी. मी पहिल्या नजरेत आमचं ओळखलं, कारण त्याला मागे तीन पायऱ्या होत्या.

टोपलीत त्यांचा एक माहिती सांगणारा होता. तो सांगायला लागला. इथे परदेशी जहाजं यायची. ही व्यापाऱ्यांची गोदामं. मग त्याने आमच्या जोत्याच्या मधला गोल खळगा असलेला दगड दाखवला आणि म्हणाला, हे यज्ञकुंड.

तो भात कांडायचा दगड आहे. माझी आई त्यात मुसळ घालायची.

मी तसं म्हटलं. तो म्हणाला, जोक चांगला आहे मॅडम. मी म्हटलं, जोक नाही, मी त्या घरात जन्मले, ही माझी बहीण, हीसुद्धा तिथेच जन्मली. सगळे आमच्याकडे बघायला लागले. पुण्याची बाई फार गोड आवाजात म्हणाली, "काकू, त्यांना बोलू द्या ना प्लीज. आम्ही ऐकायला आलोय."

बहीण कानात म्हणाली, सोड गो, बांध बघ. तिचं ऐकलं ते बरं झालं, कारण एकूण अकरा मिनिटं मिळाली आणि त्यातली चार मी त्या माणसावर घालवली होती.

बांध तिवरांच्या वर उघडा होता, गुरांच्या पाठीसारखा. ऊन आडवं पडल्यामुळे प्रत्येक दगडाची सावली लांब झाली होती. देवळाच्या बाजूने थोडे दगड, मग मोठी खांड, तिच्यातून खाडीचं पाणी आत-बाहेर करत होतं. खांडीच्या पलीकडे उघाडीपर्यंत बांध सलग उभा. मी उघाडीकडून मोजलं, बहिणीने वेगळं मोजलं, मोबाईलवर फोटो काढले. पंधरा दगड. उघाडीजवळचा पहिला दगड ही सुरुवात, म्हणजे वाटे चौदा. एकतीसमधला उघाडीकडून चौदावा म्हणजे देवळाकडून अठरावा. आमचा वाटा दोन्ही दगडांसकट उभा होता. बाबांनी लावलेल्या बाहेरच्या दगडांसकट. त्याच्या पलीकडे पाणी.

बहीण रडायला लागली. पुण्याच्या बाईने तिला पाण्याची बाटली दिली, तिला वाटलं उंचीची भीती.

परतीच्या रिक्षात मला कळलं, त्या चौघांनी काय केलं होतं. देवळाजवळ, बांध सुरू होतो तिथेही एक दगड होता. तो वाट्याचा नव्हता, सुरुवातीचा होता. त्यांनी तो पहिला धरला. सतरा दगड म्हणजे सोळा वाटे. फुटला होता सतरावा. त्यांनी दगड मोजले, वाटे मोजलेच नाहीत. अंगणवाडीतली पोरं पायऱ्या मोजताना हीच चूक करतात, मी त्यांना तीनदा मोजायला लावते. या चार मोठ्या माणसांना कोणी लावलं नाही, आणि माझ्या आईने त्याचं पुढे बत्तीस वर्षं ऐकलं.

आम्ही तशाच गडबच्या बाजूला, बाबांकडे गेलो. ते अंगणात ऊन खात बसले होते. मी फोटो मोठा करून दाखवला, दगड मोजून दाखवले. त्यांनी सगळं नीट बघितलं. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला."

मी विचारलं, काय माहीत आहे?

"सतराव्यात फुटला त्ये."

सतरावा वाटा आमच्या चुलत काकीचा. काका लवकर वारले, घरात काकी आणि दोन लहान मुली. बाबा दरवर्षी स्वतःचा वाटा झाला की तिचा लिंपून द्यायचे. त्या वर्षी त्यांना ताप होता, तिचा वाटा राहिला. हे त्यांनी मला एक्केचाळीस वर्षांनी, खाटेच्या दोऱ्या चाचपत सांगितलं. म्हणाले, वाटा तिचा, पण काम मी करतो म्हणालो होतो. मग फुटला तो माझाच ना. खरं सांगितलं असतं तर लोकांनी तिला गावात राहू दिलं नसतं, दोन पोरी घेऊन ती कुठे गेली असती?

मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या फुगेवाल्यांचाही आला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसलात. आणि बोलणी कोणी खाल्ली?"

ते म्हणाले, "तिला म्हाईत होतं."

म्हणजे आईला. आईला माहीत होतं आणि तरी ती ऐकत बसली. बहीण आत जाऊन चहा टाकायला लागली. बाबा म्हणाले, गावकीत काय बोलू नकोस, काकी हाय अजून.

मी दोन आठवडे विचार केला. हिशेब बरोबर होता आणि तो मांडला तर शहात्तर वर्षांच्या काकीवर ढकलला जाणार होता. आईची जागा काकीला देऊन मी काय मिळवणार? पण मग एका दुपारी रजिस्टर भरताना एकदम दुसराच आकडा डोळ्यांपुढे आला. एकतीस घरं, एकतीस वाटे, प्रत्येकी वीस हात. चार पुरुष माणसं असलेल्या घरालाही वीस हात आणि दोन पोरी पदरात असलेल्या विधवेलाही वीस हात. हे कोणी ठरवलं होतं?

उत्सवाच्या आधी नव्या गावच्या देवळात गावकी बसते. बायका मागे बसतात, बोलत नाहीत. मी उभी राहिले. बाबांनी मान खाली घातली. मी फोटो दाखवला, दगड आणि वाटे यांतला फरक सांगितला. पुढे बसलेले एक म्हातारे बोटांवर मोजायला लागले आणि सोळावर आल्यावर थांबले, मागे बसलेल्या काकीकडे बघायला लागले. त्यांच्यामागून बाकीचेही.

मी म्हटलं, "तिच्याकडे बघू नका. तिला वीस हात कोणी दिले ते सांगा. तीस घरांतनं एक माणूस तिचा चिखल टाकायला जायचा, तो एक वर्ष तापाने पडला. बाकीची एकोणतीस घरं त्या वर्षी कुठे होती?"

कोणीतरी म्हणालं, जुनं कशाला उकरतेस बाय आता. मी म्हटलं, माझ्या आईपुढे बत्तीस वर्षं तुम्हीच रोज उकरत होता, मी आजच आले आहे.

मग मागून, बायकांमधून काकी बोलली. ती उभीसुद्धा राहिली नाही. "माझा वाटा कमी करा म्हून दोनदा बोलली होती मी गावकीत. बाईनं मधी बोलू नको, म्हणाले."

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

तिने हात वर करून पुढच्या रांगेतल्या, मघाशी बोटं मोजणाऱ्या म्हाताऱ्याकडे दाखवलं. "ह्ये. आनि दगड मोजाया पन ह्येच गेलेले."