हिरवी चिप

जुगाराविरुद्ध मी दोन पत्रकं छापली आहेत, तरी दौंडच्या एका इस्त्रीवाल्या मामांचा कॅसिनोच्या चिपांचा संग्रह बघायला मी आवडीनं जातो. मामा पत्त्यांनाही हात लावत नाहीत. गोव्याहून आलेल्या गिऱ्हाइकांच्या खिशात पैशांऐवजी खेळायच्या या रंगीत चकत्या राहून जातात. मामा त्या आधी मालकाच्या हातात देतात आणि मगच विचारतात, "मला ठिवू का?"

परवा आमच्या ग्रामपंचायतीच्या एका सदस्याच्या पँटीत हिरवी चिप निघाली. सरपंचाच्या निवडीआधी सदस्यांना सहलीला नेलं होतं. हे महाशय मात्र तुळजापूरला देवदर्शन झाल्याचं सांगत होते.

मी म्हणालो, "मामा, मला द्या. फोटो छापतो."

"ज्याचा खिसा त्याची वस्तू," मामा म्हणाले. त्यांच्या डब्यात हिरवी एकही नव्हती, तरीसुद्धा.

संध्याकाळी सदस्य कपडे न्यायला आले, तेव्हा आमच्या गावातलेच चौघं दुकानात उभे होते. मामांनी चिप पुढं धरली.

"माझी न्हाई ती," सदस्य घाईनं म्हणाले.

मामांचा चेहराच पडला. "असं नका करू, आप्पा. तुमची न्हाई तर मला ठिवता यायची न्हाई. तुमच्याच पँटीत घावली. तुमची म्हणा की!"

चौघं हसायला लागले. मामा मात्र हात जोडून उभे.

"हाय बाबा, माझीच हाय! ठिवा!"

मामांनी चिप शर्टाला पुसून उजेडात धरली. "बघा," ते मला म्हणाले, "नीट इचारलं की माणूस देतो."