फिलेमाच्या गालावरचा हात

अल्फेनांच्या घरची दासी फिलेमा. लोकर पिंजायची, कमी बोलायची. सोळा वर्षांपूर्वी तिच्या मुलीची नाळ मीच कापली. मुलगी मालकाची, फिलेमाला कुणी विचारलं नव्हतं. मालकीण मोठी अल्फेना दाराशी उभी होती आणि तिची धाकटी बहीण, जिची कूस उजवत नव्हती, ती आतल्या खोलीत पोटाला उशी बांधून बसलेली. ओली लेक मी धाकटीच्या मांडीवर दिली आणि तोंड बंद ठेवलं. धाकटी तिला घेऊन ओस्तियाला, बंदराच्या गावी, गेली.

जूनमध्ये मातूता आईचा सण. आईच्या नवऱ्याने दासीवर जीव लावला, आई पोराला घेऊन समुद्रात गेली आणि तिथे देवी झाली. म्हणून तिच्या देवळात दासीला मज्जाव. सणाला मात्र एकीला आत नेतात, आम्ही लग्नाच्या बायका तिला चापट्या मारून हाकलतो. मग बहिणीच्या लेकरांसाठी मागणं मागतो. स्वतःच्या लेकरांसाठी तिथे मागायचं नसतं.

मार खायला फिलेमा दरवर्षी आपण होऊन यायची. "हिची कातडी बैलाची," बायका हसायच्या. धाकटी सणाला त्या लेकीला, वेतियाला, घेऊन यायची आणि मोठी अल्फेना भाचीला मातूता आईपुढे उभी करायची. दारापासून मूर्तीपर्यंत जायचं आणि परत यायचं, तेवढाच वेळ फिलेमाला लेक दिसायची.

यंदा वेतियाचं लग्न झालं. सणाच्या सकाळी फिलेमा माझ्याकडे नैवेद्याच्या पोळ्या न्यायला आली.

"या वर्षी दुसरीला जाऊ दे," मी म्हटलं. "ती आता मारणाऱ्यांत आहे."

"माहीत आहे, सुईणबाई."

"मग?"

"जन्मल्यापासून तिचा हात लागला नाही मला."

देवळात वेतियाने फिलेमाच्या गालाला नुसती बोटं टेकवली.

"फुलं वाहायला आलीस का गं? नीट मार," मोठी अल्फेना मागून म्हणाली.

दुसरी चापट घुमली. वेतियाने हात वस्त्राला पुसला. पुढची पाळी माझी होती. मीही मारली.

बाहेर पायरीवर फिलेमा गाल धरून बसली होती.

"हात गार आहे हो तिचा. अंगात रक्त नाही. सासरी सांगाल का, दूध देत जा म्हणावं?"

"कुणाचा निरोप म्हणून सांगू?"

मी आत जाऊन माझ्या बहिणीच्या मुलांसाठी हात जोडले. शेजारी मोठी अल्फेना वेतियासाठी मागत होती, रीतीप्रमाणे, मोठ्याने.