मांडवीच्या बागेतलं न चाखलेलं तिखलं

घोळ माझाच. मांडवीजवळच्या एका बागेत उघड्यावर खाण्याचे गाळे सुरू झालेत, एका टोकाला बारही आहे, असं कळल्यावर केळशीच्या सुमनमावशीला गाळा घ्यायला मीच भरीला घातलं. "रविवारी उघड, मासळीचा वार," हेही मीच सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खानावळीत रांधलेली मावशी म्हणाली, "पहिल्या दिवशी टोप रिकामा झाला नाय, तर सामान उचलून केळशीला परत."

आम्ही नवरा-बायको चिपळूणहून सकाळी आठला गाडीने निघालो. हायवेचं काम चालूच आहे, अडीच तास धरा. हातखंब्याला चहासाठी थांबलो, तर टपरीवाल्या बाईने विचारलं, "संकष्टी आज, वेफर्स देऊ की भजी चालतील?" भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं राहूनच गेलं होतं!

बाग मात्र झकास. सुरूच्या झाडांखाली लांब बाकडी, कुठल्याही गाळ्यावरून घ्या आणि कुठेही बसा, समुद्राचा वारा फुकट. गाडी बाहेर लावावी लागते, थोडं चालायची तयारी ठेवा. साबुदाणावड्यापुढे ही भली मोठी रांग आणि मावशीच्या गाळ्यावर चिटपाखरू नाही.

"गो बाय, वार बघितलास नि तिथी नाय?" बांगड्याच्या तिखल्याच्या, म्हणजे झणझणीत कालवणाच्या, टोपापुढे मावशी रडवेली झाली होती. "माझा पण उपास. मीठ कोण बघणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संकष्टी कळल्यावर माझ्या तोंडात मासा जाईना, आणि नवरा पक्का शाकाहारी!

शेजारच्या बारचे कांबळेकाका ग्लास पुसत हे ऐकत होते. दारूशेजारी गाळा मिळाला म्हणून मावशी सकाळपासून त्यांच्याशी बोललीही नव्हती. "ताई, आम्हाला चतुर्थी-बितुर्थी नाय. आणा इकडे," ते म्हणाले. मावशीने वाटी दिली. त्यांनी भुरका मारला, डोळे मिटले. "एक नंबर! मीठ बरोबर."

मग काय! बारवर येईल त्याला काका सांगत सुटले, "शेंगदाणे काय खाताय, बाजूचं तिखलं खा." थाळी दोनशेला, तिरफळाचा घमघमाट, तव्यावरून थेट ताटात भाकरी. तीनच्या सुमारास टोपाचा तळ दिसला. मी आनंदाने तीन ग्लास कोकम सरबत प्यायले. मावशीने स्वतःसाठी दोनच तुकड्या डब्यात काढून ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "बारवाला माणूस बरा हाय."

चिपळूणला परतले तरी तो वारा अंगावरून जाईना, आणि मावशी टिकेल ना, ही धाकधूकही. ती सोमवारही पाळते, म्हणून डब्यातल्या तुकड्या तिने मंगळवारी चाखल्या आणि लगेच फोन आला.

"मीठ कमी होतं गो! नि तो मेला डोळे मिटून बरोबर म्हणाला!"

"मग आता?"

"मग काय? आजपासून मीठ मीच बघणार. संकष्टीला तेवढा तो. पुढची कधी हाय, कॅलेंडर बघून सांग."